तिघांचं टेबल, आडनावासकट

आमच्या घरात आडनाव नाही. होतं, पण आप्पांनी माझ्या जन्माआधीच ते टाकून दिलं. गुपचूप टाकलं नाही. वाडीतल्या विहारात सभा घेतली, स्वतः छपाईचे खिळे जुळवून पत्रक छापलं आणि त्यात लिहिलं की, जो शब्द ऐकला की समोरचा माणूस माझी जागा ठरवून मोकळा होतो, तो शब्द मी आजपासून माझ्या नावामागे लावणार नाही. पत्रकाखाली त्यांचं नाव, त्यांच्या आईचं नाव, वडिलांचं नाव आणि पूर्णविराम. आप्पा रत्नागिरीत एका छापखान्यात कंपोझिटर होते. तो पूर्णविराम त्यांनी मुद्दाम मोठ्या टायपातला निवडला होता, असं आई सांगायची.

आमचं घर पावसच्या अलीकडे, रस्त्यापासून खाली उतरून जावं लागतं असं. घरात फडताळात पत्रकं अंथरलेली, पिठाच्या डब्याखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. बाकीची पोरं शाळेत कमळ नि गवत वाचत होती तेव्हा मला ‘निषेध’ वाचता येत होता. अर्थ कळत नव्हता, पण शब्द दणकट आहे एवढं कळायचं.

१९९८ साली मी दहावीचा फॉर्म भरला तेव्हा शाळेतल्या क्लार्कनी तो परत केला. आडनावाची जागा मोकळी सोडता येत नाही म्हणाले. आप्पा तीन वेळा शाळेत गेले. दोनदा हेडमास्तरांपुढे बसले, तिसऱ्यांदा उभे राहिले. शेवटी त्या जागी एक आडवी रेघ मारायची असं ठरलं. त्या रेघेसाठी आप्पांनी वाडीत पेढे वाटले. मी किती टक्क्यांनी पास झाले ते कुणी विचारलं नाही. रेघ बघायला मात्र माणसं आली.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते कुठल्या घरातल्या मुलीने केलं हे कळायला हवं.

बी. ए. झाल्यावर मी एस. टी. स्टँडजवळच्या एका टुरिस्ट एजन्सीत लागले. कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहिली होती. फीवाढीवर, वसतिगृहाच्या पाण्यावर, आणि एकदा आमच्याच मंडळाच्या अध्यक्षांवर. नोकरीत मात्र मी गणपतीपुळ्याच्या खोल्या नि आंजर्ल्याच्या गाड्या बुक करायचे. दुकानाचे मालक साधे गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. दोन हजार सात-आठच्या सुमाराला भाऊंनी ब्रॉडबँड घेतलं, आणि त्याच सुमाराला हॉटेलातलं टेबल घरबसल्या राखून ठेवायची एक वेबसाइट निघाली. पुण्या-मुंबईचे पाहुणे आम्हाला फोन करायचे, मी वेबसाइटवर टेबल घ्यायचे. दर बुकिंगला माणशी काही पॉइंट माझ्या खात्यात जमा व्हायचे. त्याला ते लॉयल्टी पॉइंट म्हणत. पुरेसे जमले की एक जेवण फुकट.

“ते तूच ठेव गो,” भाऊ म्हणाले. “मला डॉक्टरांनी बाहेरचं खायला बंदी केलेय. जमले पॉइंट तर नुसते बघत बसायचे होय मी?”

खातं उघडताना फॉर्मवर आडनावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी होती. चांदणी म्हणजे भरलंच पाहिजे. मी तिथे आप्पांचं नाव टाकलं. खातं उघडलं.

रत्नागिरीतलं एकच हॉटेल तेव्हा त्या वेबसाइटवर होतं, वर कातळावर, काचेच्या भिंतींचं. त्यांचाही कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. बुकिंग झालं की त्यांचा कॅप्टन खात्री करायला दुकानात फोन करायचा. पहिल्याच फोनला त्याने नाव वाचलं आणि विचारलं, “मॅडम, हे वडिलांचं झालं. आडनाव?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“आम्ही लावत नाही.”

मग तो प्रश्न आला. खोली भाड्याने बघायला गेले तेव्हा आला होता, लायब्ररीच्या खिडकीवर आला होता, मैत्रिणीच्या घरी पाटावर बसताना आला होता. “नाही, पण म्हणजे तुम्ही कोण?”

तो वाईट मनाने विचारत नव्हता. कुणीच वाईट मनाने विचारत नाही. एरवी मी पाच मिनिटं भाषण दिलं असतं. पण समोर पाहुण्यांचं कुटुंब बसलेलं, त्यांची मुलगी भुकेने कुरकुरत होती, भाऊ माझ्याकडे बघत होते. मी फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाले, “अगो, कशाला डोकं पिकवतेस? गावाच्या नावापुढे कर लाव नि मोकळी हो. कोकणात निम्म्या जगाचं तेच आहे.”

मी मोकळी झाले. खात्यात जाऊन आप्पांचं नाव पुसलं नि आमच्या गावाच्या नावाला कर जोडला. असली आडनावं आमच्याकडे ब्राह्मणांत असतात, भंडाऱ्यांत असतात, मुसलमानांत असतात, आमच्यातही असतात. त्यामुळे समोरचा आपल्या सोयीने समजून घेतो. खोटं आपण बोलतच नाही, तो स्वतःच ते तयार करतो. मी तेव्हा स्वतःला असंच समजावलं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा फोन आला. त्याने ते आडनाव वाचलं आणि म्हणाला, “अच्छा अच्छा, चार जण, साडेसात. ठीक आहे मॅडम.” संपलं. पुढे काही नाही.

ती शांतता मला आवडली. इतरांच्या खोटेपणावर मी इतकी पानं लिहिलेली आहेत की स्वतःचं हे एक वाक्य लिहायला हात अडखळतो, पण ते खरं आहे. वर्षभर, आठवड्यातून तीन-चारदा, एक माणूस मला फोन करत होता आणि मी कोण ते विचारत नव्हता. हळूहळू गप्पा मारायला लागला. एकदा म्हणाला, “त्या वळणावरच्या आंब्याच्या कलमांच्या बागा तुमच्याच का हो?” मी “छे हो” म्हणून हसले. पण ज्यांच्या बागा असतात ते जसं हसतील तशीच हसले.

हॉटेल उघडलं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आईला एक काम मिळालं होतं. ती घरी शिवणकाम करते. मुंबईच्या ठेकेदाराने वाडीतल्या पाच बायकांना हॉटेलचे टेबलक्लॉथ शिवायला दिले. आईच्या वाट्याला अठरा आले. जाड पांढरं कापड, चारही काठ दुमडून टीप मारायची. ओटीवर चिखलाचा थेंब उडू नये म्हणून तिने आम्हाला पंधरा दिवस मागच्या दाराने ये-जा करायला लावली. प्रत्येक क्लॉथच्या एका कोपऱ्यावर, आतल्या अंगाला, तिने तीन उलट टिपा घातल्या. आपलं ते आपल्याला ओळखता यावं म्हणून. कुठे ओळखणार होती कोण जाणे.

तेव्हापासून ती मला विचारायची, “तुला फोन येतो ना गो त्यांचा? विचार की, अंथरल्यावर कसे दिसतात.”

“असं फोनवर कसं विचारू, आये?”

“मग एकदा बघायला नेतेस?”

तिने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी मी बोटांवर मोजू शकते. त्यातली एक म्हणजे शिलाई मशीनचा पट्टा. तिथला माणशी दर आमच्या घरात बोलून दाखवायचाही नव्हता, म्हणून ते राहत गेलं. आणि मग एप्रिलमध्ये ई-मेलवर वेबसाइटचं पत्र आलं. माझे पॉइंट पुरे झाले होते. तिघांचं जेवण, हॉटेल तेच, मे अखेरपर्यंत.

मी घरी सांगितलं. आई उठून चुलीपाशी गेली नि काही न करता परत आली. आप्पांनी चष्मा काढला. छापखान्यातले खिळे जाऊन कॉम्प्युटर आल्यापासून ते कागद कापायच्या मशीनवर होते, पण शब्द हातात धरून बघायची सवय गेली नव्हती.

“लॉयल्टी म्हणजे निष्ठा ना?”

“हो, आप्पा.”

“कुणाची, कुणाशी?”

“गिऱ्हाइकाची. हॉटेलाशी.”

“आणि हॉटेलाची?”

कॉलेजात असते तर याच मुद्द्यावर मीच दोन पानी पत्रक काढलं असतं.

“मरू दे ती निष्ठा,” आई म्हणाली. “ओ, तुम्ही जेवायला येणार की नाय तेवढं बोला. नायतर आमी दोघी जातो नि तुमच्या वाटचं बांधून आणतो.”

“बांधून देत नाहीत तिथे,” मी म्हटलं.

“मग येतो,” आप्पा म्हणाले. ते हसत होते. “तुझ्या अठरा झेंड्यांना सलामी द्यायला हवी.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कूपन खात्याच्या नावाने निघणार होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी नाव बदलायला गेले तर पडद्यावर पाटी आली: नाव बदलल्यास जमलेले पॉइंट रद्द होतील. मी वेबसाइटच्या मदत विभागाला पत्र लिहिलं. जमेल तितक्या इंग्रजीत, पण आमच्या घरातल्या पद्धतीने: माणसाला आडनाव नसण्याचा अधिकार आहे, तुमची लाल चांदणी हा अन्याय आहे, मी जाहीर निषेध करते. पाच मिनिटांत उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी अजून कडक लिहिलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. चार पत्रं, चार तीच उत्तरं. आप्पांचं पत्रक लोकांनी फाडलं होतं, चुरगाळलं होतं, एकाने त्यात भजी बांधून दिली होती. पण पत्रक कुणाच्या तरी हातात गेलं होतं. माझ्यापुढे हातच नव्हता.

आप्पांना सांगणं हा एक मार्ग होता. सांगितलं असतं तर ते आले नसते आणि आईही गेली नसती. शिवाय मग वर्षभराचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, आपण दारात पुढे जायचं, कॅप्टनला हळूच नाव सांगायचं, दोघं मागून येतील. एक संध्याकाळ निभेल.

मेमधला शनिवार होता. सातचं बुकिंग, कारण परतीची शेवटची गाडी पावणेनऊला. आईने लग्नातली म्हणून ठेवलेली जांभळी साडी नेसली होती. आप्पांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. हॉटेलच्या पायऱ्या जांभ्या दगडाच्या, उंच उंच. निम्म्यावर आईच्या चपलेचा अंगठा तुटला.

“थांब गो, पीन आहे माज्याकडे,” ती पायरीवरच बसली. मंगळसूत्रातली पीन निघेना. मी खाली वाकून चप्पल धरली. पीन टोचली, रक्त आलं, अंगठा बसला. मान वर केली तर आप्पा दारात पोचले होते.

मी धावले. पण आप्पा नाव सांगून चुकले होते. ते नेहमी सांगतात तसं, आईवडिलांसकट, पूर्णविरामासकट.

कॅप्टन पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला माणूस होता. यादीवरून बोट फिरवत म्हणाला, “या नावाचं नाही साहेब. सात वाजता तिघांचं एकच आहे.” आणि त्याने ते आडनाव वाचलं.

“ते आम्ही नव्हे,” आप्पा म्हणाले.

“बुकिंग मुलीने केलंय का? ट्रॅव्हल्समधल्या?”

“हो.”

“मग तेच की!” मी पायरी चढून धापा टाकत ‘अहो, ऐका’ म्हणाले तेवढ्यात त्याचा चेहरा उजळला. “मॅडम! आवाजावरून ओळखलं. या या. वर्षभर नुसत्या फोनवर भेटतोय.” मग आप्पांकडे वळून, अगदी आदराने, “साहेब, यंदा आंबा कसा आहे?”

आप्पा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मुद्रितात चूक दिसली की ते ओळीवर नख ठेवून थांबतात, तसे.

“मी छापखान्यात आहे,” ते म्हणाले.

“हो का? मग बागेचं कोण बघतं?”

आई मागून लंगडत आली होती आणि आमच्यातल्या कुणाकडेच बघत नव्हती. काचेपलीकडे ओळीने टेबलं होती. पांढरे शुभ्र क्लॉथ, कडेने सरळ पडलेले. तिने काचेला जवळजवळ नाक लावलं. “बगा तरी ओ,” ती म्हणाली. “काय पडलेत!”

कॅप्टनने एक छापील चिठ्ठी पुढे केली. वर ते आडनाव, खाली ‘पाहुण्याची सही’. “मशीनला लागते मॅडम. या नावाने सही झाली की जेवण कूपनवर. तिघांपैकी कुणीही करा.”

“नाव चुकलंय,” मी म्हटलं. “दुसरं घालता येईल का?”

“माझ्या हातात नाही हो. ते मुंबईहून येतं.” तो खरंच कानकोंडा झाला होता. “आणि बुकिंगशिवाय बसवायचं म्हटलं तर नऊपर्यंत एक टेबल रिकामं नाही. सीझन आहे.”

मी पेन घ्यायला हात पुढे केला. हे सगळं मीच केलं होतं, निदान सही माझी असावी एवढं तरी. आप्पांनी माझा हात बाजूला केला.

“तू नको,” ते हळू म्हणाले. “तुला अजून पुष्कळ ठिकाणी सह्या करायच्या आहेत. माझ्या करून झाल्यात.”

“आप्पा, नको. आपण जाऊ परत.”

त्यांनी काचेकडे बघितलं. आई तिथेच उभी होती, मान तिरकी करून कोपरे शोधत. मग त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, चिठ्ठी दाराजवळच्या टेबलावर सरळ केली आणि सही केली. नाव, आणि पुढे ते. मी कधी त्यांना नावापुढे काही लिहिताना पाहिलं नव्हतं. अक्षर तेच होतं, वळणदार, स्वच्छ. सवयीने त्यांनी शेवटी पूर्णविराम दिला.

आम्हाला खिडकीपाशी बसवलं. आई बसली आणि ताट यायच्या आधीच टेबलाखाली वाकली. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. बाजूच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. तिसऱ्या कोपऱ्याला ती तशीच थांबली. वर आली तेव्हा तिच्या मुठीत क्लॉथचा कोपरा होता.

“हा माजा,” ती म्हणाली.

तिने आप्पांचा अंगठा धरून त्या तीन टिपांवरून फिरवला. “लागतंय?”

“लागतंय.”

“धुऊन धुऊन पण निघाल्या नायत.”

“नीट घातल्यास. निघतील कशा?” आप्पा म्हणाले.

सुरमई आली, सोलकढी आली. प्रत्येक पदार्थ ठेवताना कॅप्टन स्वतः यायचा आणि आप्पांना त्या आडनावाने साहेब म्हणायचा. आप्पा दर वेळी मान हलवायचे. मला वाटत होतं त्यांनी मला तिथेच, सगळ्यांसमोर झाडावं. मी त्याची वाट बघत होते. ते आईला माशाचे काटे काढून देत होते. आई एवढी खूश होती की तिला जेवणाची चवसुद्धा नंतर विचारल्यावर सांगता आली नाही. तिच्यासाठी ती संध्याकाळ अजूनही चांगली आहे. मी ती तिच्यापासून काढून घेऊ शकत नाही आणि स्वतःजवळ ठेवूही शकत नाही.

गाडी मिळाली. सबंध वाटेत आई बोलत होती, कुठल्या बाईचा काठ वाकडा गेला होता ते सांगत होती.

सकाळी दुकान उघडलं तर वेबसाइटचं पत्र आलेलं. कालच्या भेटीबद्दल तुमच्या खात्यात नवे पॉइंट जमा. मी खातं बंद करायला गेले. बंद करायची सोय नव्हती. मी पुन्हा लिहिलं, आणि माझा अभिप्राय पुन्हा मोलाचा ठरला. पुढच्या शनिवारी कॅप्टनचा फोन आला. मी त्याला सांगितलं की ते आडनाव माझं नाही, आम्हाला आडनाव नाही. त्याने पलीकडे कागद उलटला. मग म्हणाला, “चार जण, साडेसात. ठीक आहे.” त्यानंतर त्याने कधी आंब्याची चौकशी केली नाही.

हे मी आप्पांना सांगितलं. ते अंगणात बसून जुन्या पत्रकांचा गठ्ठा बांधत होते, वाळवीपासून वाचवायला. त्यांनी सुतळीला गाठ मारली.

“वर्षभर त्याने विचारलं नाही ना तुला? म्हणजे कोण, ते?”

“नाही.”

“बरं वाटलं असेल.”

मी खोटं बोलू शकले असते. “हो,” मी म्हटलं.

“वाटणारच,” आप्पा म्हणाले. “धर जरा हे टोक.” मी सुतळीचं टोक धरलं आणि ते दुसरा गठ्ठा बांधायला लागले.